एकवीस नंबर, फक्त दोन दिवस

किल्लीभाऊ बिल्डिंगचे मॅनेजर आहेत असं त्यांच्या दारावरच्या पाटीचं म्हणणं होतं. बाकी कुणी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. चार मजले, अठ्ठेचाळीस खोल्या, एक कुरकुरणारा पंप आणि गच्चीवरच्या दोन टाक्या, त्यातली एक कायमची रुसलेली. एवढ्या संसाराचे ते मॅनेजर. म्हणजे नळ गळला तर प्लंबर, दिवा गेला तर वायरमन, दोन शेजारणी जुंपल्या तर न्यायाधीश, आणि भांडण मिटलं की दोघींच्या शिव्या खाणारा हक्काचा माणूस. कमरेला सगळ्या खोल्यांच्या जादा किल्ल्यांचा जुडगा. तो खुळखुळत आला की पोरं ओरडायची, "किल्लीभाऊ आले!" मग मोठेही तेच म्हणायला लागले, आणि आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव पगाराच्या पावतीपुरतं उरलं.

एकोणतीस वर्षं काढली त्यांनी तिथं. कुठलं दार दमट हवेत फुगतं, कुठल्या खोलीतल्या नवरा-बायकोचा अबोला चालू आहे, कुणाच्या म्हाताऱ्याला रात्री खोकल्याची उबळ येते, सगळं तोंडपाठ. एक काम मात्र त्यांना जन्मात जमलं नाही. भाडेकरूच्या तोंडावर "खोली खाली करा" म्हणणं. थोरल्या मालकांनी तीनदा नोटीस देऊन पाठवलं, तीनदा हे महाशय आत बसून चहा प्यायले, पोराबाळांची चौकशी केली आणि नोटीस खिशात घालून परत आले. तिसऱ्या वेळेला तर अंगात ताप भरला. थोरले मालक हसून म्हणाले, "भाऊ, मी तुम्हाला मॅनेजर म्हणून ठेवलंय का पाहुणा म्हणून?" आणि ते काम त्यांनी वकिलाकडे सोपवलं.

तक्रारींसाठी मात्र भाऊंची स्वतःची एक युक्ती होती. एक जाडजूड रजिस्टर. कुणी तणतणत आलं की त्याला खुर्ची द्यायची, रजिस्टर उघडायचं आणि तो सांगेल ते सगळं, अगदी रागातल्या शब्दांसकट, सुवाच्य अक्षरात लिहून घ्यायचं. मग मोठ्यानं वाचून दाखवायचं. "असंच ना? काही राहिलं का?" आपलं गाऱ्हाणं शाईनं लिहिलं गेलं म्हटल्यावर माणसाचा अर्धा राग तिथंच उतरायचा. उरलेला जिना चढेपर्यंत. रजिस्टर मिटायचं, कपाटात जायचं. थोरल्या मालकांनी ते एकदाही उघडून पाहिलं नाही. भाऊंनाही ते कुणाला दाखवायचं नव्हतंच. ते लिहायचं होतं, बस्स.

त्या रजिस्टरात सगळ्यांत जास्त पानं खाल्ली होती एकवीस नंबरनं. दुसरा मजला, जिन्यापासून तिसरं दार. तिथं कवळीमास्तर राहायचे. डॉक्टर लोक तोंडाचं माप पाठवायचे आणि मास्तर घरी बसून कवळ्या बनवायचे. खिडकीशी टेबल, टेबलावर घासायचं छोटं मशीन, आणि ते एकदा सुरू झालं की शेजारच्यांच्या दाढा शिवशिवायच्या. वर प्लॅस्टरचं पाणी. कितीही सांगा, महिन्यातून एकदा ते नळीत जाऊन गोठायचंच, आणि पहिल्या मजल्यावरच्यांची मोरी तुंबायची. माणूस मात्र असा गोड की भांडायला गेलेला दात दाखवून परत यायचा. म्हणजे स्वतःचे. "हा वरचा हलतोय हो तुमचा, बघून घ्या," असं म्हणून मास्तर भलत्याच काळजीत पडायचे.

मास्तरांनी लग्न केलं नव्हतं. घरात थोरली बहीण, सगळ्यांची आक्का. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी कसल्याशा तापात आक्कांचे डोळे गेले ते गेलेच. पण नव्या माणसाला हे कळायला दोन-दोन महिने लागायचे, इतकी ती बाई त्या खोलीत सराईत होती. एक्केचाळीस वर्षं तीच खोली. पलंगापासून स्टोव्ह चार पावलं, स्टोव्हपासून मोरी तीन. चहा करायची, भाजी चिरायची, मास्तरांची बटणं लावून द्यायची. जिना उतरून एकटी खाली येऊन अंगणातल्या बाकावर बसायची. दर टप्प्याला अकरा पायऱ्या, चार टप्पे. येणाऱ्याच्या पावलांवरून नाव घेऊन हाक मारायची. "भाऊ, आज डावा पाय ओढतोयस. गुडघा का?"

गुडघाच होता. शेवटी ऑपरेशन करावं लागलं आणि डॉक्टरांनी दोन महिने घरी बसवलं. बसणं कसलं, घरच्यांना छळणं ते. पंपाचा आवाज बदलला की हे पलंगावरून ओरडणार, कुणी जिन्यात जोरात बोललं की हे विचारणार काय झालं. लेक कंटाळली. तिनं त्यांच्या मोबाइलवर एक गेम टाकून दिला. "बाबा, ही घ्या तुमची बिल्डिंग. हिला सांभाळा आणि आम्हाला सोडा."

गेमचं नाव इंग्रजी होतं. ते भाऊंना कधी धड म्हणता आलं नाही, ते आपले 'माझी बिल्डिंग' म्हणायचे. कार्टूनची बिल्डिंग, कार्टूनचे भाडेकरू. खोल्या बांधायच्या, भाडेकरू निवडायचे, लिफ्ट दुरुस्त करायची. प्रत्येक भाडेकरूच्या डोक्यावर एक तोंड: खूश असला तर हिरवं, कुरकुरत असला तर पिवळं, आणि शेजारच्यांच्या तक्रारी साठल्या की लाल. लाल झालेल्यासाठी एक बटण होतं, दार आणि बाहेर जाणारा बाण. ते दाबलं की तो माणूस खोकं उचलून जिना उतरायचा आणि फाटकातून चालता व्हायचा.

आता असल्या बटणाला भाऊ हात लावतील? छे! पहिल्याच बिल्डिंगमध्ये एक ढोल वाजवणारा टकलू होता. त्याच्यापायी आजूबाजूचे सगळे एकेक करून निघून गेले, बिल्डिंग ओस पडली आणि जप्त झाली. भाऊंनी टकलूला काढलं नाही. दुसरी बिल्डिंगही बुडाली, तिसरीही. लेक डोक्याला हात लावून म्हणाली, "बाबा, काढा ना त्याला! खेळ आहे हा!" चौथ्या वेळेला त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं. टकलू ढोल आणि खोकं घेऊन निघाला. त्या दिवशी माणूस जेवला नाही हो. बायको ताट पुढे करून म्हणाली, "अहो, कार्टून आहे ते. त्याला पोट तरी आहे का?"

पण दुपारी त्यांना दिसलं की टकलू गेलेलाच नाही. फाटकाबाहेरच्या बाकावर खोकं मांडीवर घेऊन बसलाय. भाऊंना राहवेना. त्यांनी नव्या भाडेकरूंच्या यादीत पाहिलं तर त्यात टकलू! घेतला आत. आणि काय सांगावं, टकलू आला तो हिरवं तोंड घेऊन. तक्रारी शून्य. शेजारीही खूश. गेमच्या लेखी तो नवाच माणूस होता. भाऊ पलंगावर उठून बसले. "अगं, इकडे ये! काढायचं आणि परत घ्यायचं! सगळं पुसलं जातं बघ!" त्या दिवसापासून त्यांची बिल्डिंग बुडाली नाही. कुणी लाल झालं की बाहेर, लगेच आत. ऐंशी खोल्यांचा मनोरा उभा केला त्यांनी आणि एकाही माणसाला गमावलं नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते ही युक्ती दाखवायचे. कवळीमास्तरांनाही दाखवली. मास्तर टकलूचं तोंड निरखून म्हणाले, "याला खालची कवळी लागेल."

गुडघा बरा होईतो थोरले मालक वारले. धाकटे मालक आले. माणूस तरुण, बोलायला मऊ, आणि फाईल केल्याशिवाय कुठली गोष्ट न मानणारा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कपाट उघडायला लावलं. रजिस्टर बाहेर आलं.

धाकट्या मालकांनी ते घरी नेलं, वाचलं आणि परत आणलं तेव्हा त्याच्यात रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. "काय छान नोंदी ठेवल्यात भाऊ तुम्ही! तारीख, वेळ, तक्रार, सगळं." भाऊ हरखले. "एकवीस नंबर बघा. त्रेसष्ट तक्रारी. पुन्हा घरात मशीन चालवून धंदा. यांचं काहीतरी करा, नाहीतर मला करावं लागेल."

त्रेसष्ट! आणि एकूण एक त्यांच्याच अक्षरात. माणसं शांत व्हावीत म्हणून त्यांनी ज्या लिहिल्या, त्या आता मास्तरांच्या गळ्याशी आल्या होत्या. ज्यांनी तक्रारी केल्या तेसुद्धा त्या विसरून मास्तरांकडून कवळ्या घासून घेत होते. पण रजिस्टर विसरत नाही. चार दिवस भाऊंना अन्न गोड लागेना. आणि पाचव्या दिवशी, घरी बसल्या बसल्या, मोबाइलवर कुणीतरी लाल झालं. भाऊंनी सवयीनं त्याला बाहेर काढलं, आत घेतलं, तोंड हिरवं झालं. आणि त्यांच्या डोक्यात ती कल्पना आली.

तसेच उठले आणि धाकट्या मालकांकडे गेले. "साहेब, मास्तर खोली सोडतील. रीतसर लिहून देतील, किल्ली देतील. मग आपण त्यांना नव्यानं घेऊ. नवा करार, नवे नियम. मशीनला वेळ ठरवून देऊ, प्लॅस्टरला वेगळी बादली. जुन्या तक्रारी जुन्या कराराबरोबर गेल्या!"

धाकट्या मालकांनी पेन खाली ठेवलं. "ते स्वतः लिहून देतील?"

"माझ्या शब्दावर देतील."

"मग आधी खोली रिकामी होऊ द्या. कागद मी तयार करून देतो."

बास. भाऊंना वाटलं, झालं काम. पुढचं वाक्य मालकांनी उच्चारलंच नाही, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. घरी बायकोनं मात्र विचारलं, "आणि परत घेतलं नाही तर?" भाऊ हसले. "अगं, रिकामी खोली ठेवून कुणाचं भलं झालंय? उलट नुकसान. कुठलाही मालक आधी खोली भरतो." गेममध्ये तसंच होतं. रिकाम्या खोलीवर पिवळी खूण येऊन सारखी लुकलुकायची.

मास्तरांना पटवायला एक कप चहा पुरला. खरं तर मास्तरांजवळ जुना कागद होता, थोरल्या मालकांच्या सहीचा: हे बहीणभाऊ हयात आहेत तोवर खोली त्यांची. तो त्यांनी पत्र्याच्या पेटीतून काढून पुढे ठेवला. "याचं काय करायचं?"

"तो आता जुना झाला मास्तर. तक्रारींपुढे टिकायचा नाही. नवा होईल ना." भाऊ हे इतक्या खात्रीनं बोलले की वकिलानं हेवा करावा. कुणा वकिलाला विचारावं असं मात्र त्यांना सुचलं नाही.

"माझं काही नाही रे," मास्तर म्हणाले, "पण आक्का..."

आक्का पलंगावर बसून ऐकत होत्या. "किती दिवस?"

"दोन दिवस, आक्का. फक्त दोन. उद्या किल्ली द्यायची, तेरवा सकाळी परत. तुमच्या भाचीकडे राहा तेवढं."

"सामान?"

"जिन्याखालच्या खोलीत ठेवतो मी. आणि हे बघा, प्रत्येक वस्तूभोवती फरशीवर खडूनं आखून घेतो. पलंगाचे चार पाय, टेबलाचे चार, स्टोव्हचा ओटा, माठ. बोटभरसुद्धा इकडचं तिकडे होणार नाही. तुम्ही याल तेव्हा काही हललंय असं वाटणारसुद्धा नाही."

आक्का म्हणाल्या, "तू म्हणतोस म्हणून." मालकांनी दिलेल्या कागदावर मास्तरांनी सही केली. साक्षीदार म्हणून खाली भाऊंनी केली, त्याच सुवाच्य अक्षरात.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊंनी खरोखरच गुडघ्यावर बसून, दुखरा पाय बाजूला काढून, सगळ्या फरशीवर खडूनं आखलं. मास्तरांनी कवळ्यांचे साचे कागदात गुंडाळले. आक्का भाचीकडे जायला निघाल्या तेव्हा उंबऱ्यात थांबून त्यांनी दाराच्या चौकटीवरून एकदा हात फिरवला, आणि कुणाचा हात न धरता जिना उतरल्या. खोली रिकामी झाली. भाऊंनी किल्ली नेऊन धाकट्या मालकांच्या टेबलावर ठेवली आणि पावतीही न मागता, शीळ घालत घरी आले. होय, शीळ घालत. बायकोला ते अजून आठवतं.

त्यानंतरच्या सकाळी आठ वाजता गवंडी आले. चारजण, घणछिन्नी घेऊन. भाऊंना वाटलं गच्चीच्या टाकीसाठी असतील. ते दुसऱ्या मजल्यावर गेले. पहिला घाव पडला तेव्हा भाऊ गुडघा विसरून जिना चढले. एकवीस आणि बावीसमधली भिंत फोडायचं काम सुरू होतं. मुकादम म्हणाला, "बावीस तर रिकामीच होती. दोन्ही मिळून एक मोठी करायचीय. फरशीपण नवीन, साहेबांचा हुकूम आहे." पलंगाच्या जागेवर पहिल्याच तासात फरशी उखडली गेली. भाऊ म्हणाले, "थांबा, थांबा, चूक होतेय काहीतरी." गवंडी थांबले नाहीत. साहेबांच्या हुकमापुढे त्यांना कोण थांबवणार?

भाऊ धापा टाकत ऑफिसात पोचले. धाकट्या मालकांनी उठून त्यांना खुर्ची दिली. पोऱ्याला सरबत सांगितलं. "या भाऊ! खरं सांगू? माझ्या वकिलांनी सांगितलं होतं, एकवीस नंबरचा नाद सोडा. तो करार लोखंडासारखा आहे, पन्नास तक्रारी काय आणि शंभर काय, कोर्ट त्यांना हात लावू देणार नाही. आणि तुम्ही ते एका दुपारी करून आणलंत!"

म्हणजे तक्रारींनी काहीच बिघडणार नव्हतं. म्हणजे मास्तर तिथंच, पत्र्याच्या पेटीतल्या त्या कागदावर, मरेपर्यंत सुखात राहिले असते. त्यांना हलवू शकणारा जगात एकच माणूस होता, आणि तो इथं सरबतासमोर बसला होता.

"साहेब, पण... त्यांना परत घ्यायचं ठरलं होतं."

"कधी ठरलं? मी म्हणालो का तसं?"

भाऊंनी आठवून पाहिलं. नव्हते म्हणाले.

मग त्या भल्या माणसानं काय करावं? खिशातून मोबाइल काढला. गेम उघडला आणि मालकांसमोर धरला. "हे बघा साहेब. माणूस बाहेर काढला तरी परत घेता येतो. सगळं पुसलं जातं. कुणाचं नुकसान होत नाही. मी ऐंशी खोल्या..." बोलता बोलता आपण काय बोलतोय ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं आणि त्यांनी मोबाइल खाली घेतला.

धाकटे मालक हसले. दुष्टपणानं नाही, अगदी समजूतदारपणे. "अहो भाऊ, त्या गेममध्ये मालक तुम्ही आहात ना. इथं मी आहे."

सरबत तसंच राहिलं. भाऊ एका वकिलाकडे गेले, मग दुसऱ्याकडे. दोघांनी कागद वाचला आणि दोघांनी एकच प्रश्न विचारला: सही खरी आहे का? खरी. साक्षीदार कोण? मीच. दुसऱ्या वकिलानं चष्मा काढला आणि म्हणाला, "मग तुम्ही कोणाविरुद्ध भांडायला आलात?" मास्तरांना आधीच कळवावं म्हणून भाऊंनी संध्याकाळपर्यंत चारदा फोन हातात घेतला आणि चारदा ठेवून दिला. नोटीस कधी दिली नव्हती त्या माणसानं. आता कशी देणार?

आणि ठरल्याप्रमाणे सकाळी ते दोघं आले. टॅक्सी फाटकाशी थांबली. आक्का उतरल्या, त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू की भाऊंना तिथंच मरावंसं वाटलं. "भाऊ, चहा टाकते वर जाऊन. ये तूपण." मास्तर टॅक्सीवाल्याशी बोलत होते. भाऊ म्हणाले, "आक्का, थांबा जरा, आक्का..." पण त्या निघाल्यासुद्धा. जिन्यात धूळ होती, त्यांनी नाक मुरडलं. अकरा, वळण, अकरा. भाऊ मागून, एकेक पायरीवर "आक्का, ऐका तरी" म्हणत. "वरच बोल ना," त्या म्हणाल्या. अकरा, वळण, अकरा. पहिलं दार, दुसरं दार. तिसऱ्या दाराशी त्यांनी कडीसाठी हात पुढे केला.

दार काढून नेलं होतं. चौकटही. हात तसाच पुढे गेला, आणखी पुढे, आणि त्यांचा तोल गेला. भाऊंनी दंडाला धरून सावरलं. आक्कांनी पायानं चाचपलं. पायाखाली विटांचा चुरा. मग आणखी एक पाऊल, आणखी चुरा. "भाऊ," त्या हळू म्हणाल्या, "कुठं आणलंस मला? हा कुठला मजला?" त्यांना वाटलं, आपण पायऱ्या चुकलो. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा. मास्तर मागून वर आले, त्यांनी फुटलेली भिंत पाहिली, भाऊंकडे पाहिलं, आणि साच्यांचं खोकं हातातच धरून जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले.

सगळं सांगून झाल्यावर मास्तर एवढंच म्हणाले, "तू मुद्दाम नाही केलंस." त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. भाऊ भिंतीकडे तोंड करून रडले. बिल्डिंगमधले लोक जमले, हळहळले, धाकट्या मालकांच्या नावानं बोटं मोडली. तक्रारी करणारे सगळ्यांत जास्त हळहळले. एकानं तर "आपण सगळे मिळून सही करून देऊ, आमची काही तक्रार नाही म्हणून" असंही म्हटलं. पण आता ती सही घेऊन कुणाला द्यायची होती?

भाऊंनी नोकरी सोडली का? नाही सोडली. सोडायला हवी होती, हे त्यांनाही कळत होतं. दोनदा त्यांनी राजीनामा लिहिला. पण त्यांच्या स्वतःच्या दोन खोल्या त्या नोकरीवर होत्या, लेक अजून घरात होती, आणि या वयात बाहेर पडायचा विचार आला की ते कागद फाडून टाकायचे. खोली जाण्याची भीती काय असते ते त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि कळल्यावर तर आरशात तोंड बघवेना. रजिस्टरमध्ये त्यांनी त्यानंतर एक ओळ लिहिली नाही. कुणी तक्रार घेऊन आलं की नुसतं ऐकायचे. लोक म्हणायचे, भाऊ फार बदलले. मोबाइलवरचा तो गेम लेकीनंच एक दिवस काढून टाकला. त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

भाचीचं घर तीन गल्ल्या पलीकडे होतं. बिचारी भली होती, पण खोल्या दोन आणि माणसं पाच, त्यात हे दोघं. मास्तरांचं मशीन एका कोपऱ्यात कापडाखाली झाकून ठेवलेलं; तिथल्या शेजाऱ्यांनी तिसऱ्याच दिवशी आवाजावरून भांडण काढलं, मग मास्तरांनी ते परत लावलंच नाही. डॉक्टरांची कामं हळूहळू दुसरीकडे गेली. आक्कांना एक पलंग दिला होता. पोरांची दप्तरं, खुर्च्या, बादल्या रोज वेगळ्या जागी. पहिल्या आठवड्यात त्या दोनदा पडल्या. त्यानंतर त्यांनी उठणंच सोडलं.

भाऊ दर रविवारी जायचे. पिशवीत काहीबाही फळं घेऊन, मान खाली घालून. मास्तर आनंदानं या म्हणायचे, पंपाची, टाकीची चौकशी करायचे. आक्का भिंतीकडे तोंड करून बसायच्या. पाच महिने त्या भाऊंशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांची पावलं मात्र ओळखायच्या. ती वाजली की हातातली माळ, किंवा कपडा, किंवा जे असेल ते खाली ठेवायच्या आणि पाठ फिरवायच्या.

एका रविवारी भाऊ गेले तेव्हा घरात आक्काच होत्या. मास्तर सकाळीच दवाखान्याच्या रांगेत औषधासाठी गेलेले, भाची कामावर, पोरं बाहेर. भाऊ दारातल्या स्टुलावर बसले. या वेळी आक्काच बोलल्या, भिंतीकडेच तोंड ठेवून.

"एकोणिसाव्या वर्षी डोळे गेले तेव्हा सगळे रडले. मीपण रडले. मग आई आम्हाला घेऊन त्या खोलीत राहायला आली, आणि वर्षभरात मी विसरले बघ. खरंच सांगते. सकाळी उठून चहा टाकायचा, खिडकी उघडायची, खाली जाऊन बसायचं. लोक आंधळी म्हणायचे तेव्हा मला वाटायचं, दुसऱ्या कुणाबद्दल बोलतायत. एक्केचाळीस वर्षं मी आंधळी नव्हते रे, भाऊ. मला आंधळी तू केलंस."

माफी मागायची म्हणून ते पाच महिने येत होते, आणि माफी या घरात कुठं ठेवायची तेच आता कळेना.

आक्का पलंगाच्या कडेला सरकल्या, पाय खाली सोडले आणि एक हात हवेत, भाऊ जिथं बसले असावेत अशा अंदाजानं, पुढे केला.

"ऊठ आता. सकाळपासून कुणी नाही घरात. मला मोरीपर्यंत ने."

भाऊ उठले. त्यांनी तो हात धरला आणि वाटेतली बादली पायानं बाजूला सारत, एकेक पाऊल सांगत, आक्कांना मोरीच्या दारापर्यंत नेलं. मग पाठ करून, दार धरून, त्या हाक मारीपर्यंत तिथंच उभे राहिले.